अल्ताफ मिस्त्रीचे चार दगड

बारामती सोडून इंदापूरच्या रस्त्याला लागलं, की पहिला मोठा उतार संपतो तिथं डाव्या हाताला एक पत्र्याचं गॅरेज आहे. पाटीवर नाव रंगवलेलं आहे, पण ती पाटी कुणी वाचत नाही. "दगडवाल्या मिस्त्रीकडं जायचंय" म्हटलं, की रसवाल्यापासून पोस्टमनपर्यंत कुणीही बोट दाखवतं.

दगडवाला का? तर अल्ताफ मिस्त्रीकडे चार दगड आहेत. कऱ्हाटीच्या शिवारात, कऱ्हेच्या पात्रात उन्हात हिंडून त्यानं ते स्वतः वेचून आणलेले. एका अंगानं सपाट, दुसऱ्या अंगानं पाचरीसारखे निमुळते, वजनाला पाच-पाच किलो. कसलीही गाडी येऊ दे, तो बॉनेटला हात लावायच्या आधी दगड लावणार. दोन पुढच्या चाकांच्या पुढं, दोन मागच्या चाकांच्या मागं. मग गाडीभोवती एक फेरी. मग चारही दगडांना एकेक लाथ. त्यानंतर "हां, बोला, काय झालंय?"

एकदा एक पाव्हणा नुसता पत्ता विचारायला थांबला. उतरला, तंबाखू मळली, पत्ता विचारला, परत जाऊन बसला, तर गाडी हलेना. खाली बघतो तर चारी चाकांना दगड. "अहो मिस्त्री, मी फक्त सांगवीचा फाटा विचारला!" तर अल्ताफ म्हणतो, "फाटा हालत न्हाय हो, गाडी हालती." फरिदाभाभी तर लग्नातलीच गोष्ट सांगायच्या, की मांडवात ह्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि जीपच्या चाकाकडं चारदा.

लोक हसायचे. अल्ताफलाही ठाऊक होतं की हसतात. पण हसण्यानं काही चिरडत नाही, आणि चाकानं चिरडतं, हा त्याचा साधा हिशेब होता. हा हिशेब तो सांगवीत शिकला होता, सव्वीस वर्षांपूर्वी.

तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता आणि भीती कशाशी खातात हे त्याला ठाऊक नव्हतं. सांगवीच्या अप्पांच्या ट्रॅक्टरला एक सेफ्टी स्विच होता. क्लच पुरता दाबल्याशिवाय स्टार्टर फिरायचाच नाही. तो स्विच बिघडला. नवा यायला आठवडा लागणार आणि उसाची बांधणी तर अंगावर आलेली. अल्ताफनं वायरचा वीतभर तुकडा घेतला, स्विचची दोन टोकं जोडली आणि म्हणाला, "घ्या अप्पा. डायरेक्ट करून दिला." इतकं सोपं! आठ दिवसांत पंचक्रोशीतले ट्रॅक्टर त्याच्या दारात उभे. डायरेक्ट कर, डायरेक्ट कर. अल्ताफ मिस्त्रीचं नाव झालं.

आपल्याकडे ट्रॅक्टर उतारावर लावायचा तर गिअरमध्ये टाकून लावतात. अप्पांचा ट्रॅक्टर बांधाच्या उताराला तसाच लावलेला. अल्ताफचा धाकटा भाऊ आफताब, एकोणीस वर्षांचा, तो आणायला गेला. घाईत होता. वर चढायचाही कंटाळा. खालूनच, मोठ्या चाकाशी उभं राहून त्यानं हात लांब करून चावी फिरवली. स्विच जागेवर असता तर ट्रॅक्टर मुकाट राहिला असता. पण स्विच डायरेक्ट होता. ट्रॅक्टर चालू झाला तो चालतच चालू झाला.

अल्ताफ दहा पावलांवर होता. दहा पावलं म्हणजे किती, ते त्याला त्या दिवशी कळलं.

आफताबचा जीव वाचला. डावं पाऊल गेलं. घोट्याच्या वर चार बोटं, तिथपर्यंत कापावं लागलं. पुढं जयपूर फूट बसवला आणि तो गॅरेजातल्याच लाकडी काउंटरमागं स्पेअरपार्ट विकायला बसला. बसला तो हसतच. "माझं एक पाऊल पुढं जन्नतीत गेलंय, जागा धरून ठेवायला," असं गिऱ्हाइकांना सांगायचा. भावाला त्यानं त्या वायरीबद्दल एका शब्दानं कधी विचारलं नाही. अल्ताफला वाटायचं, एकदा शिवी घातली असती तर बरं झालं असतं. त्यापायी मग चार दगड आले, आणि आफताबला मोपेडवरसुद्धा हँडलला हात लावू द्यायचा नाही, मागंच बसवायचं, हा नियमही आला.

तर अशा ह्या माणसाच्या दारात मागच्या फेब्रुवारीत एक पिकअप येऊन थांबला. पिकअपवर नळ्यांचा एक भला मोठा पिंजरा, त्याला चार ढबू टायर, मागच्या बाजूला एका ठोकरलेल्या गाडीचं इंजिन. पुढच्या सीटवरून एक बाई उतरली. तिशीची, डोक्यावर टोपी, गळ्यात दुर्बीण.

"जय भीम, मिस्त्रीकाका. मी तेजश्री. उजनीच्या पाण्याकडेला पक्षी दाखवते पर्यटकांना."

अल्ताफनं आधी पिकअपला दगड लावले.

गोष्ट अशी होती. इंदापूर तालुक्यात उजनीचं पाणी उन्हाळ्यात मागं हटतं आणि मागं मैल-मैल चिखल, भेगा, गवताळ खाचरं ठेवून जातं. पक्षी उतरतात ते तिथंच. जीप नेली तर रुतते. म्हणून तेजश्रीनं इंदापुरातल्या एका फॅब्रिकेटरकडून ही बग्गी बांधून घेतली होती. हलकी, रुंद टायरांची. रस्त्यावर न्यायचीच नाही, फक्त पाण्याकाठी फिरवायची. सगळं झालं होतं. फक्त गिअरचा दांडा राहिला होता. इंजिनाला चिकटून आलेली गिअरपेटी ॲटोमॅटिक, आणि फॅब्रिकेटरनं हात वर केले होते, "बाई, असल्या पेटीचं मला काय कळत न्हाय."

"ॲटोमॅटिक कशाला?" अल्ताफनं विचारलं. "साधी पेटी टाका की. क्लच, गिअर. चार पिढ्या चालवतायत."

तेजश्रीनं काउंटरकडे बघितलं. काउंटरमागं आफताब एकाएकी बेअरिंगं मोजायला लागला होता.

"कारण चालवणाऱ्याला क्लच दाबता येत नाही," ती म्हणाली. "आफताबचाचा चालवणार आहेत. तीन महिने झाले, फोनवर आमचं ठरलंय."

अल्ताफच्या हातातला पाना खाली पडला. त्याच्या कानात बांधावरचा तो आवाज घुमला. पाना उचलायच्या आत आफताबच बोलला.

"भाई, ॲटोमॅटिकला दोनच पायटे असत्यात, ब्रेक आन् रेस. दोन्ही उजव्या पायाचे. माझा उजवा पाय अजून हितंच हाय."

"न्हाय."

"का न्हाय?"

"न्हाय म्हंजी न्हाय. ही गाडी मी करनार न्हाय."

"बरं," आफताब बेअरिंगांचा डबा बंद करत म्हणाला. "मग भिगवणच्या अंगाला एक हाय म्हणत्यात मिस्त्री. त्याला नेऊ. अर्ध्या दिवसात डायरेक्ट करून देतो म्हणं."

डायरेक्ट. एवढा एक शब्द पुरला. अल्ताफ त्या दिवशी जेवला नाही. भीती दोन्ही बाजूंनी होती. आपण केली तर आपल्या हातची गाडी पुन्हा ह्याच भावावर जाईल, आणि नाही केली तर दुसरा कुणीतरी वायरचा वीतभर तुकडा घेऊन बसलाच आहे. संध्याकाळी तो काउंटरसमोर येऊन उभा राहिला.

"करतो. पर दांडा मी सांगीन तोच."

दांड्याचं दुकान मांडलं ते असं. गोणपाटावर तीन दांडे. पहिला त्याच ठोकरलेल्या गाडीचा, बोटानं बटण दाबून मागंपुढं करायचा. दुसरा तेजश्रीनं मोबाइलवरून मागवलेला, खटक्याचा, शर्यतीच्या गाड्यांना असतो तसा: एकदा ढकलला की एक गिअर, पुन्हा ढकलला की पुढचा. आणि तिसरा खाचांचा. त्याला पत्र्यात नागमोडी खाच कापलेली. पी उभं राहायला, आर मागं जायला, एन मोकळं, डी पुढं जायला, मग दोन आणि एक हळू ओढायला, प्रत्येकाला आपापलं घर, आणि आरच्या घरात शिरायचं तर मुठीखालची कडी वर उचलावीच लागणार.

आफताबचं मन खटक्याच्या दांड्यावर बसलं होतं. "काय आवाज हाय बघ! खट्, खट्. पिस्तूलच!"

"पिस्तूलच हाय," अल्ताफ म्हणाला. "बाज आण."

बाज म्हणजे खाट. घरातली सुंभाची खाट आली. अल्ताफनं तिच्या दांडीला एक फळी बांधली, फळीवर खटक्याचा दांडा बोल्टनं आवळला, आफताबला खाटेवर बसवलं आणि त्याच्या डोळ्यांवर गमछा बांधला.

"हे काय आता?" तेजश्री म्हणाली.

"चिखलात डोळं म्होरं असत्यात, दांड्यावर न्हाय. धरा तुमी ती बाजू. हलवा. जोरात हलवा, खड्डं हायत!"

मग दोघांनी ती खाट अशी गदगदा हलवली, की फरिदाभाभी भाकरी टाकून बाहेर आल्या. "अल्ला! ह्याला झालंय तरी काय? भूत लागलंय का?"

"डी टाक!" अल्ताफ ओरडायचा. खट्. "एक टाक!" खट् खट्. "एन!" खट्... खट्... खट्... खट्... "आता कशात हाईस?"

"एनमधी."

"गमछा काढ."

दांडा आरमध्ये होता. उलटा गिअर. आफताबनं एक खटका जास्त मोजला होता. तो हसायला गेला, पण समोर भावाचं तोंड बघितलं आणि हसू गिळलं. अल्ताफचा घाम हनुवटीवरून गोणपाटावर गळत होता.

बटणाच्या दांड्याचंही तेच. धक्क्यात बटणावर बोट पडलं, की दांडा मन मानेल तिकडे. खाचांचा दांडा मात्र दहादा हलवला, वीसदा हलवला, तरी आफताबचा हात डोळे बांधून बरोबर घरात जाऊन बसायचा. वाटेतली वळणं तळहाताला कळायची. आणि कडी उचलल्याशिवाय आर लागायचाच नाही.

"हाच," अल्ताफ म्हणाला.

"भिकार आवाज हाय त्याचा," आफताब म्हणाला. पण हात तिथंच ठेवून होता.

पुढं तीन आठवडे अल्ताफनं तो दांडा बसवला. एका दिवसाचं काम. पण भिणाऱ्याचा दिवस लांब असतो. इंजिन मागं, दांडा पुढं, मध्ये नऊ फुटांची केबल. केबल म्हणजे सायकलच्या ब्रेकसारखी, फक्त अंगठ्याएवढी जाड: बाहेर नळी, आत तार. नळी घट्ट बांधायची आणि आतली तार ढकलली-ओढली, की गिअरपेटीवरचा लहान हात फिरतो. गिअर बदलायचं काम पेटी स्वतःच करते. दांड्यानं तिला नुसतं सांगायचं असतं. पण सांगणं एका खटक्यानं चुकलं, की दांडा म्हणतो उभी राहा आणि पेटी ऐकते चल.

म्हणून त्यानं आधी पेटीवरचा हात पीच्या शेवटच्या खटक्यात नेला. पी म्हणजे पेटीच्या आत एक खुंटी दातऱ्यात जाऊन बसते आणि चाकं जाम होतात. मग पुढचा दांडाही पीच्या खाचेत. आणि मग केबलचं डोकं पिनेवर धरलं. ते आपसूक बसलं पाहिजे. ओढावं लागलं तरी चुकलं, ढकलावं लागलं तरी चुकलं. अर्ध्या आट्यानं कमी, पाव आट्यानं जास्त, असं तो दोन दिवस करत होता.

केबल पेटीजवळ धुराड्याच्या नळीला खेटून जात होती. ती तापेल, वितळेल, दांडा जाम होईल, ह्या धास्तीनं त्यानं तिला वळसा देऊन लांब घेतलं आणि तिची नळी धरणारा शेवटचा पट्टा बग्गीच्या पिंजऱ्याच्या नळीला आवळला. चांगला दोन बोल्टनी. मग सेफ्टी स्विच. तो त्यानं असा जोडला, की पी आणि एन सोडून कुठल्याही घरात स्टार्टर मुका. पन्नास वेळा चावी फिरवून पाहिली. डीमध्ये मुका. आरमध्ये मुका. त्या मुकेपणाचा आवाज ऐकून त्याचे डोळे भरून यायचे, आणि तो डोळ्यांत ग्रीस गेलं म्हणायचा.

सगळ्या चाचण्या झाल्या. घरात झाल्या, दारात झाल्या, उताराला झाल्या. पीमध्ये टाकली की बग्गी जागची तसूभर हलत नव्हती. चारी चाकांना चार दगड लावूनच सगळ्या चाचण्या झाल्या, हे काही वेगळं सांगायला नको.

मार्चच्या दुसऱ्या रविवारी सकाळी बग्गी पिकअपवर चढली. अल्ताफनं चहाचा कप तसाच ठेवला. फरिदाभाभी म्हणाल्या, "अहो, गाडी द्यायला चाललाय का मयताला? चार घास तरी खा." त्यानं मान हलवली आणि चारी दगड पोत्यात घालून पिकअपमध्ये ठेवले.

तेजश्रीचं गाव अगदी पाण्याला लागून. घरापुढून जमीन हळूहळू उतरत जाते ती थेट पाण्यात. सकाळचं पाणी, त्यात लांबवर गुलाबी पक्ष्यांचा पट्टा. बग्गी तोंड पाण्याकडे करून उतरवली. अल्ताफनं दगड लावले, लाथा मारल्या. तेजश्रीची आजी, चतुराबाई, ऐंशीच्या घरातली, काठी टेकत बाहेर आली. दोन पोरींनी झेंडूचा हार आणला होता, तो नळीला बांधला.

"लिंबू-नारळ आमच्यात न्हाय बाबा," चतुराबाई म्हणाली. "पर फोटू पायजे. गाडी आली की फोटू पायजेच."

हे मात्र खरं. जातधर्म कुठलाही असो, गाडी नवी आली की सगळ्यांनी तिच्या पुढं उभं राहायचं आणि फोटो काढायचा, हा आता सगळ्यांचा सण आहे. तेजश्री मोबाइल घेऊन खाली पाण्याच्या बाजूला गेली. आफताब सीटवर ऐटीत बसला. सगळे बग्गीपुढं रांगेत, बग्गीकडे पाठ करून. मधे चतुराबाई.

"मिस्त्रीकाका, तुम्ही पण! तुम्ही केली ना गाडी? मधे या, मधे!"

अल्ताफला गाडीकडं पाठ करून उभं राहायची सवयच नव्हती. सीटवर कुणी बसलेलं असताना सव्वीस वर्षांत तो कुठल्याही गाडीच्या पुढून चालत गेला नव्हता, वळसा घालून जायचा. पण चतुराबाईनं मनगट धरून ओढलं आणि तो उभा राहिला. बंपरच्या नळीपासून दोन हातांवर. पाठीमागं सीटवर भाऊ.

"चाचा, चालू करा! व्हिडिओ घेते. आवाज येऊ द्या जरा!"

आफताबनं चावी फिरवली. इंजिन लागलं. दांडा पीच्या घरात होता, त्यानं हात लावून पाहिला. मग उजव्या पायानं रेस दिली. एकदा. दोनदा. तिसऱ्या वेळी जरा जास्तच.

अल्ताफला मागून एक आवाज आला. टक्. आणि मग लोखंडाच्या दातऱ्यावरून काहीतरी घासत गेल्यासारखं, कर्रर्र. त्या आवाजाचं नाव त्याला माहीत होतं. पीची खुंटी सुटली होती. त्यानं समोर पाहिलं, तर तेजश्रीचं तोंड उघडं पडलेलं आणि मोबाइल खाली आलेला.

पळ, असं त्यानं स्वतःला सांगितलं. पाय ऐकेनात. सांगवीच्या बांधावर रुतले होते तसेच रुतले. हात तेवढा हलला. त्या हातानं चतुराबाईचा दंड धरून तिला बाजूला खेचलं. बाकीचे किंचाळत फुटले. तो एकटा उभा. डोळे मिटले. पाठीवर येणारी गाडी त्याला हवेतून जाणवत होती. दगड कुठायत? माझे दगड कुठायत?

मग गुडघ्यांच्या मागं काहीतरी लागलं. हळूच. वासरानं मागून ढुशी द्यावी तसं.

आणि थांबलं.

"भाई," वरून आफताबचा आवाज आला, "सरक जरा. तुझी गाडी निघालीय."

आफताबचा उजवा पाय ब्रेकवर होता. रेसवरून उचलला आणि ब्रेकवर ठेवला, इतकंच. अल्ताफ सरकला नाही; तो तिथंच खाली बसला, ओल्या मातीत, आणि त्याला हुडहुडी भरली. मार्चच्या उन्हात दात वाजत होते. तेजश्रीनं पाणी आणलं, ते अर्धं सांडलं.

पुढच्या चाकांपुढचे दोन दगड कडेला पडले होते.

"मीच काढले," चतुराबाई म्हणाली. "काठीनं ढकलले. फोटूत दगडं कशाला?"

"आजी!" तेजश्री ओरडली.

"आजी काय? दगड काढल्याबिगर गाडी जानार कशी व्हती?"



अल्ताफ उठला, बग्गीची चावी काढली आणि मुठीत आवळली. "चढवा परत. मी न्हाय देनार ही गाडी. इंजिन काढून भंगारात टाकतो."

"टाक," आफताब सीटवरून न उतरता म्हणाला. "मोपेड घेऊ दिली न्हाईस, गप बसलो. रिक्षा चालवतो म्हणलो, तर तू आठ दिवस जेवला न्हाईस, तवाबी गप बसलो. माझ्या चाकालाबी दगडच लावलास तू."

"माझ्यामुळं तुझा पाय..." अल्ताफ म्हणाला. सव्वीस वर्षांत इतकंही बोलला नव्हता.

"तुझी वायर व्हती, व्हय. आन् गिअर न बघता खालनं चावी फिरवली ती कुणी? तुझ्या आज्यानं?" आफताबनं जयपूर फूट बग्गीच्या पत्र्यावर ठोकला. "आरं, त्या दिवशी ब्रेकवर कुनीच नव्हतं. आज मी व्हतो. एवढा फरक कळत न्हाय व्हय तुला?"

अल्ताफनं दोन्ही दगड उचलून पुन्हा चाकांपुढं लावले, चावी भावाकडे फेकली आणि पाठीवर आडवा होऊन बग्गीखाली शिरला.

"चालू कर. पीमधी. आता रेस दे."

खालून त्याला दिसलं. रेस दिली की इंजिन रबराच्या गाद्यांवर एका अंगाला कलायचं, झोपलेल्या माणसानं कूस बदलावी तसं. इंजिनाबरोबर पेटी कलायची. केबलच्या नळीचा पट्टा मात्र पिंजऱ्याला आवळलेला. तो जागचा हलत नव्हता. पेटी पळते, केबल थांबते, आणि मधल्या मधे तो लहान हात पीमधून ओढून बाहेर निघतो. पट्टा पेटीच्याच अंगावर पाहिजे होता. दोघं हलतील तर मिळून हलतील. ते त्याला ठाऊक होतं. धुराड्याच्या धास्तीपायी लांब बांधला त्यानंच.

आणि दुसरी गोष्ट त्याला त्याच मातीत पडल्यापडल्या कळली. गॅरेजात ही खुंटी पहिल्या दिवसापासून सुटत असणार. गाडी उभी राहत होती ती दगडांवर. दगड नसते, तर तिथंच, दारातल्या उतारावर, कुणी पुढं नसताना समजलं असतं. त्याच्या दगडांनीच ती खोट तीन आठवडे झाकून ठेवली होती.

तो बाहेर आला आणि गावातल्या लखनच्या वेल्डिंगच्या शेडात गेला. लोखंडी अँगलचा हातभर तुकडा कापून घेतला, भोकं पाडली आणि केबलचा पट्टा गिअरपेटीच्या अंगालाच बोल्टनं धरला. धुराडं आडवं येत होतं, तिथं मधे पत्र्याची आडकाठी केली. पुन्हा पी, पुन्हा पिन. डोकं आपसूक बसलं. सहाच्या सहा घरं पुढून मोजली, मागून मोजली. दुपार झाली.

आता चाचणी.

"सगळे मागं व्हा," अल्ताफ म्हणाला. "पार मागं. आजी, तुमी उंबऱ्यात."

मग तो पुढच्या डाव्या चाकाशी उकिडवा बसला आणि दगडाला हात घातला. दगड हातातून सुटला, त्यानं पुन्हा धरला. सव्वीस वर्षं त्यानं दगड लावले ते गाडी बंद करून, काढले तेही गाडी बंद असताना. चालू गाडीचा दगड त्यानं कधी काढला नव्हता. वर सीटवर आफताब, इंजिन चालू, पाय ब्रेकवर. एक दगड निघाला. मग दुसरा. मग मागचे दोन. अल्ताफ बाजूला झाला आणि चाकाच्या पुढं मातीत बोटानं एक रेघ ओढली.

"ब्रेक सोड."

आफताबनं ब्रेक सोडला. बग्गी जराशी खुंटीवर रेलली आणि थांबली.

"रेस दे."

एकदा. दोनदा. दहा वेळा. इंजिन कललं, पेटी कलली, पट्टा बरोबर कलला. अल्ताफ जमिनीला कान लावून ऐकत होता. टक् नाही, कर्रर्र नाही. चाकानं रेघ ओलांडली नाही. उंबऱ्यातून चतुराबाई म्हणाली, "आता तरी फोटू काढायचा का?" आणि सगळे हसले, अल्ताफ सोडून. तो अजून रेघेकडं बघत होता.

"भाई," आफताब म्हणाला, "मी निघतो. येतोस का?"

अल्ताफला नाही म्हणायचं होतं. पण भाऊ एकटा जाईल आणि आपण इथं दहा पावलांवर उभे राहू, ही भीती जरा मोठी निघाली. तो वळसा घालून शेजारच्या सीटवर चढला, पट्टा आवळला, पुन्हा आवळला.

आफताबनं कडी न उचलता दांडा सरकवला. आरचं घर आडवं आलं. "बघ, जात न्हाय," तो म्हणाला. "बघितलं," अल्ताफ म्हणाला. मग कडी उचलून आर, एन, आणि डी. तीन वळणं, हाताला कळतील अशी. बग्गी उतरली. भेगाळलेल्या मातीवरून, गवतातून, मग पातळ चिखलातून पाणी दोन्ही अंगांना उडवत निघाली. आफताब एकोणीस वर्षांचा असताना ओरडायचा तसा ओरडत होता. लांबचा गुलाबी पट्टा उठला आणि पाण्यावरून वळला.

अल्ताफनं डोळे मिटलेलेच ठेवले होते. एक हात नळीवर होता. दुसऱ्या हातानं त्यानं मांडीवरचा दगड धरला होता. चढताना चारातला एक त्यानं कधी उचलून घेतला, ते त्यालाही कळलं नव्हतं.

"आरं, तो दगड तरी टाक आता!"

"तू म्होरं बघ," अल्ताफ म्हणाला. "खड्डा हाय."

"तुला कसं दिसलं? डोळं तर मिटलेत."

"जाऊ नगं त्या खड्ड्यात," अल्ताफ ओरडला, "एक घाल, एक!"

खट् झालं नाही. दांडा मुकाट आपल्या घरात गेला.